कार्ड छापण्याआधी

धाराशिव

चि. ताईस,


सरमकुंडी फाट्यावर पेढ्याचं दुकान सुरू करतेयस आणि व्हिजिटिंग कार्ड घरीच बनवायचं म्हणतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. जरूर बनव. छापखान्यात आयुष्य काढलेला मामा असं सांगतोय याचं नवल वाटेल, पण तुझं गिऱ्हाईक तुला ठाऊक आहे, डीटीपीवाल्याला नाही. तो तयार डिझाइन उघडणार, कडेने वेलबुट्टी टाकणार आणि उरलेल्या जागेत तुझा नंबर कोंबणार.

गावातल्या माणसाला कार्ड लागत नाही. सोलापूर-संभाजीनगर रस्त्यावरचा प्रवासी अर्धा किलो पेढे घेऊन जातो. महिन्याभराने त्याच्या घरात कार्य निघतं, तेव्हा त्याच्या पाकिटात तुझा नंबर सापडला पाहिजे. कुंथलगिरीच्या जैन सिद्धक्षेत्री येणारे यात्रेकरू कर्नाटक, गुजरातेतूनही येतात; त्यांना मराठी वाचता येईलच असं नाही. म्हणून एक बाजू मराठीत, दुसरी इंग्रजीत कर, आणि मोबाईल नंबर दोन्हीकडे इंग्रजी आकड्यांत ठळक घे. पत्त्यात फाट्याचं नाव, दुकान रस्त्याच्या कुठल्या हाताला आणि पिनकोड एवढं पुरे. जिल्हा अर्थातच धाराशिव. नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं, पण बाहेरगावच्या बऱ्याच जणांच्या तोंडी जुनंच आहे, तेव्हा इंग्रजी बाजूला काही वर्षं उस्मानाबादही राहू दे.

आता मजकुराचं. ‘सुप्रसिद्ध’, ‘शुद्ध’, ‘एकमेव’ हे शब्द मी इतक्या कार्डांवर छापलेत की ते कोणी वाचतही नाही. त्याऐवजी पडताळता येईल असं लिही: म्हशीच्या दुधाचा खवा, भट्टी रोज पहाटे, पेढा किती दिवस टिकतो. साधारण पाच लिटर दूध आटतं तेव्हा किलोभर खवा हाती येतो. हे आकडे लोकांना माहीत नसतात, आणि कळले की भावाची घासाघीस आपोआप कमी होते. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर पाकीटबंद मालावर आणि बिलावर लागतोच. कार्डावर त्याची सक्ती नाही, तरी टाक.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या भागातल्या भट्टीवाल्यांच्या कष्टाचं ते चीज आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण मानांकन मिळालं म्हणून कोणीही तो शिक्का वापरावा असं नाही. १९९९ च्या जीआय कायद्याप्रमाणे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तू ती करच. नोंदणी हातात येईपर्यंत मात्र कार्डावर जीआयचं चिन्ह नको. खोटं एक अक्षर सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास राहत नाही.

छपाईचं थोडक्यात सांगतो. आकार ९० बाय ५४ मिलिमीटर. पार्श्वभूमी पांढरी ठेवलीस तर ए-फोरच्या एका कागदावर दहा कार्डं एकमेकांना लागून बसतात. रंग कडेपर्यंत न्यायचा तर चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडावा लागतो, आणि कटिंग जरा हललं की पांढरी रेघ दिसते. कागद ३०० जीएसएमचा घे. फॉन्टसाठी ‘मुक्त’ घे. ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला आहे, फुकट मिळतो आणि बारीक आकारातही जोडाक्षरं स्वच्छ राहतात. फाइल पीडीएफ करूनच दे. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून श्रीलिपी चालते. तुझा युनिकोड मजकूर तिथल्या जुन्या कोरलमध्ये चिकटवला तर वेलांट्या भलतीकडे उड्या मारतात आणि ‘कुंथलगिरी’चं काय होईल सांगता येत नाही.

लॅमिनेशन मराठी बाजूलाच कर. तुपकट हातांनी कार्डं मळतात, म्हणून ते हवंच. पण इंग्रजी बाजू लॅमिनेशनशिवाय ठेव, म्हणजे तिथे पेनाने ऑर्डर आणि तारीख लिहिता येते. क्यूआर टाकायचा तर दुकानाच्या नकाशाचा टाक, पैशांचा नको. बँक बदलली की सगळी कार्डं वाया जातील.

पहिल्या खेपेला शंभरच छाप. पाचशेचा भाव स्वस्त पडतो हे खरं, पण दुकान नवं आहे, सहा महिन्यांत वेळ बदलेल, कदाचित नंबरही बदलेल. शंभर छापण्याआधी एकच कागद छापून घे, त्यातलं एक कार्ड कापून आजीला चष्म्याशिवाय वाचायला दे, आणि कागदावरचा नंबर बघून स्वतः फोन लाव. फोन तुझाच वाजला पाहिजे. प्रूफचे फोटो दोन्ही बाजूंचे मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. मी अक्षर न् अक्षर तपासून कळवल्याशिवाय छपाईला देऊ नकोस.

तुझा,
मामा