लहान अ‍ॅम्प्लिफायरची आतली बाजू

घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची खरी पारख झाकण काढल्यावरच होते. प्रस्तुत लेखकाच्या घरी सुटे भाग आणून जोडलेला एक लहान अ‍ॅम्प्लिफायर होता. गाणे थांबले की स्पीकरमधून घरघर ऐकू येई आणि पत्र्याच्या पेटीला ओला हात लागताच झिणझिण्या येत. आत पाहिल्यावर कारण उघड झाले. मेन्सची वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून आत शिरली होती, भोकाच्या धारेने तिचे आवरण कापले गेले होते आणि दोन पिनांच्या प्लगमुळे पेटीला अर्थिंग नव्हते. इजा झाली नाही, पण ती सहज होऊ शकली असती.

म्हणून तपासणीची सुरुवात २३० व्होल्टच्या बाजूने करावी, तीही प्लग काढूनच. भोकात रबरी ग्रोमेट हवा आणि वायर ओढली तरी सांध्यावर ताण येऊ नये, अशी ती आत आवळलेली हवी. प्लग तीन पिनांचा असावा. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर नट-बोल्टने घट्ट बसवावी. फ्यूज फेजच्या वायरवर, स्विचच्या आधी यावा.

यानंतर पॉवर सप्लाय. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट डीसी झाल्यावर प्रत्येक बाजूला सुमारे १६ ते १७ व्होल्ट होतात आणि मेन्सचा दाब वाढला की आणखी चढतात. त्यामुळे १६ व्होल्टचे फिल्टर कपॅसिटर धोक्याचे ठरतात. किमान २५ व्होल्टचे घ्यावेत.

घरघरीचे मूळ बहुधा ग्राउंडच्या जोडणीत असते. वरील अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची परतीची वायर इनपुट सॉकेटच्या ग्राउंडला जोडली होती. त्या बारीक वायरीतून जाणाऱ्या मोठ्या प्रवाहामुळे तिच्यावर पडणारा दाब इनपुटमध्ये मिसळत होता. ती वायर दोन्ही कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूवर नेताच घरघर थांबली. सर्व ग्राउंड अशाच एका बिंदूवर आणावेत. इनपुटला शिल्डेड वायर वापरावी आणि ती ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवावी. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घरघर राहिली, तर दोष बहुधा सप्लायमध्ये किंवा ग्राउंडमध्ये असतो. व्हॉल्यूमबरोबर ती वाढली, तर इनपुटची वायर तपासावी.

हीटसिंकही नीट पाहावा. टीडीए २०३० या आयसीची धातूची पाठ उणे सप्लायच्या पिनला आतून जोडलेली असते. दुहेरी सप्लायमध्ये मायका आणि इन्सुलेटिंग बुश न लावता ती पेटीच्या पत्र्याला टेकवली, तर शॉर्ट होतो. मायकाच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्यावा.

शेवटी सोल्डरिंग. चांगला सांधा गुळगुळीत आणि तारेला बिलगलेला असतो. गोळा होऊन वर बसलेला सांधा ड्राय असतो. तो पुन्हा तापवून भरावा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कपॅसिटर चार्ज झाले असे समजावे. तो प्रखर पेटत राहिला, तर आत शॉर्ट आहे. वीज लगेच बंद करून दोष शोधावा.