निळी पडलेली धार

कोयता बोथट असला की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की कोयता निसटतो. त्यामुळे धारदार कोयत्यापेक्षा बोथट कोयताच जास्त रक्त काढतो, हे आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यापुढची गोष्ट मात्र थोड्यांनाच माहीत आहे. धार लखलखीत असूनही कोयता आतून मेलेला असू शकतो.

आमचा अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे तोंडात बसलेलं नगर, उसाचा आणि ऊसतोडीचाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं उभारलेला सहकारी साखर कारखाना 1950 साली प्रवरानगरला सुरू झाला. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे करत कारखान्यांची रांगच लागली. त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर जुंपून तोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल त्याच हिशेबानं मिळते. इतका हा कोयता आमच्या जगण्यात मुरलेला. तरी त्याला धार कशी लावावी, तो नेताना झाकावा कसा, हे कुणी बसून शिकवत नाही. जो तो बघून बघून शिकतो आणि चुकीचंही बघूनच शिकतो.

आमच्या घरचे दोन कोयते आणि एक सुरी घोडेगावच्या बाजाराबाहेर उतरलेल्या घिसाड्याकडून करून घेतलेली. लोखंड आमचंच होतं, ट्रकचा तुटका कमानपाटा. या पाट्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वरच असतो, म्हणून तो पाणी धरतो. बांधकामाची साधी पट्टी दिली तर घिसाडी कितीही कसबी असो, तिला टिकाऊ धार यायची नाही. बाप सांडशीत पाटा धरून फिरवत होता, आई घण मारत होती आणि पोरगा भात्याच्या जागी आलेला हातपंखा फिरवत होता. घण बाईच्या हाती असणं या समाजात नवलाचं नाही. मला मात्र दर वेळी त्या मनगटांचं नवल वाटतं.

पाणी देण्याची वेळ आली तशी त्यानं पाटा भट्टीजवळच्या सावलीत नेला. उन्हात तापल्या लोखंडाचा खरा रंग दिसत नाही. ज्याला नजरेचा भरवसा नाही त्यानं लोहचुंबक लावून पाहावं. साधारण 770 अंशांच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही. त्याहून जरा वर गेलं की बुडवायचं. बुडवल्यावर धार काचेसारखी कडक होते आणि तशीच ठेवली तर उसाच्या बुडख्यातल्या खड्यावर तिचे तुकडे पडतात. म्हणून पातं घासून उजळ करतात आणि पुन्हा हलक्या आचेवर धरतात. पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा 220-230 अंशांच्या आसपास आणि निळा 300 च्या जवळ. आमच्या घिसाड्यानं तपकिरीवर हात थांबवला. “दादा, याच्या पुढं गेलं की पाणी उतारलं,” एवढंच तो बोलला.

तेच पाणी पुढे उतरलं. तोडीच्या दिवसांत चुलतभावानं दोन्ही कोयते तालुक्याच्या गावी एका वेल्डिंगच्या दुकानात धारेला दिले. दुकानदारानं हातातला ग्राइंडर कोरडाच चालवला आणि वरून बफ मारून कोयते चकचकीत करून दिले. दुसऱ्या सकाळी वहिनी गुरांसाठी ऊस तोडत होत्या. पहिले काही घाव छान बसले. मग धार दुमडली, कोयता बुडख्यावरून घसरला आणि डाव्या नडगीवर आला. टाके पडले. सुदैवानं हाड वाचलं.

संध्याकाळी मी कोयता दिव्याखाली धरला. धारेची कड एका बाजूला वळलेली होती. मुठीजवळच्या कोपऱ्यात बफ पोचला नव्हता. तिथं निळा पट्टा दिसला आणि टोकाकडे तर राखाडी. राखाडी म्हणजे निळ्याच्याही पुढची उष्णता. पातळ धार ग्राइंडरखाली डोळ्याचं पातं लवायच्या आत तापते. वरचा रंग पुसला तरी आत गेलेलं पाणी परत येत नसतं. कानस लावून पाहिली. मूळ पात्यावर ती जरा अडत, कुरकुरत चालत होती. टोकाला मात्र विनातक्रार शिरली.

ग्राइंडर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. कोयत्याचा जाड भाग उतरवायला तो चांगला. धारेशी आला की मात्र दर घासणीनंतर पातं पाण्यात बुडवलंच पाहिजे. शेजारी पाण्याची बादली नसलेल्या दुकानात मी कोयता देत नाही. पाण्यात फिरणारी जुनी सान अजून कुठं मिळाली तर सोन्याहून चांगली. धार निळी पडलीच असेल तर तेवढा पट्टा कानसीनं काढून टाकावा लागतो, नाहीतर घिसाड्याकडून पुन्हा पाणी द्यावं लागतं. आमच्या कोयत्यांना दुसऱ्या बाजारी दुसऱ्या घिसाड्यानं पाणी दिलं.

आता घरी धार कशी लावावी ते. कोयत्याला कानस आणि सुरीला दगड, असा साधा भेद ठेवा. कोयत्याचं पाणी मुद्दामच असं राखतात की कानस त्याला धरेल, म्हणजे फडातल्या फडात धार करता येते. कानस घसरतच असेल तर कोयता जास्त कडक आहे आणि कधीतरी तुकडा उडेल. कोयत्याच्या आतल्या वाकाला चपटी कानस पोचत नाही, तिथं अर्धगोल लागते. कानसीला लाकडी मूठ हवीच. तिचं उघडं शेपूट तळहातात घुसल्याच्या जखमा मी धारेच्या जखमांइतक्याच पाहिल्यात. कोयता गुडघ्यात धरून घासायची पद्धत सोडा. वाइस असेल तर उत्तम, नसेल तर ओंडक्याला दोरीनं आवळून बांधा. कानस पुढे जातानाच कापते. परत येताना ती उचलायची, दाबून मागे ओढली तर दातेच मरतात.

कोन राखणं हेच यातलं अवघड काम. उसाच्या कोयत्याला एका बाजूनं 25 अंशांच्या आसपास ठीक, त्याहून पातळ केला तर बुडखं त्याला खाऊन टाकतं. भाजीच्या सुरीला 15 ते 20. कोनमापकाची गरज नाही. पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर मागची कड दगडापासून सव्वा सेंटिमीटर उचला, कोन 18 अंशांच्या जवळ येतो. धारेच्या उतारावर काळा मार्कर फासून दोन घासण्या मारा. शाई कडेलाच राहिली तर पातं जास्त आडवं पडलंय, वरच्या बाजूला राहिली तर जास्त उभं धरलंय. पोरांना शिकवायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

आपल्याकडे उंबऱ्याच्या किंवा विहिरीच्या काळ्या दगडावर सुरी घासायची सवय आहे. तो दगड भरड. वेळ भागते, पण धार करवती होते. कुरुंदाचा दोन बाजूंचा दगड आणा, एक बाजू भरड, एक बारीक. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला अगदी बारीक पापुद्रा वर येतो. अंगठा धारेला आडवा, पात्याकडून बाहेर सरकवला की तो खरखरतो. अंगठा धारेच्या लांबीवर कधीही फिरवू नका. हा पापुद्रा म्हणजेच धार, असं समजून बरेच जण तिथंच थांबतात. पहिल्या दहा कापांत तो मोडतो आणि मग सुरीला नावं ठेवली जातात. बारीक बाजूवर हलक्या हातानं आलटून पालटून घासून तो उतरवायचा आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं मागे ओढून घ्यायचं.

पारख करताना दंडावरचे केस उडवून दाखवणारे खूप भेटतात. त्यानं टाळ्या मिळतात, धार किती टिकेल ते कळत नाही. आधी पातं दिव्याखाली धार वर करून धरा. खरी धार दिसतच नाही, जिथं चमकेल तिथं ती बोथट आहे. मग वर्तमानपत्राचा कागद एका हातात धरून वरून खाली कापा, अडेल तिथं खूण करा. तिसरी पारख पाण्याची. पितळी उलथन्याची गोल दांडी घ्या आणि तिच्यावर धार हलकेच दाबून सरकवा. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकडीच राहिली तर मऊ, टवका गेला तर कडक. कोयत्याची ही पारख झाल्यावर आधी कडब्याच्या ताटावर, मग एखाद्या उसावर तिरका घाव घालून बघा. घाव घालताना डावा पाय मागे आणि जवळ कुणी नको. नंतर पुन्हा दिव्याखाली बघा. आमच्या वहिनींच्या हाती कोयता जाण्याआधी एवढं कुणी केलं असतं तर तो मेलेला कोयता तिथंच पकडला गेला असता.

राहिलं म्यान. आमच्या शेजारचा पोरगा मोटारसायकलवर गोणीत उघडा कोयता घालून निघाला. खड्ड्यात गाडी आदळली तशी गोणी फाडून कोयता मागे बसलेल्याच्या पोटरीत गेला. चिंधी गुंडाळणं हे म्यान नव्हे, ती धारेनंच कापली जाते. कोयत्याला स्वस्त आणि पक्कं झाकण आमच्या शेतातच पडलेलं असतं. ठिबकची 16 मिलिमीटरची जुनी नळी धारेच्या लांबीएवढी कापा, एका बाजूनं उभी चिरा आणि धारेवर चढवा. वरून सायकलच्या ट्यूबच्या दोन चकत्या आवळा. खर्च शून्य.

सुरीला चामडं शोभतं. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं, बाभळीच्या सालीनं किंवा हिरड्यानं कमावलेलं घ्या. चपलांचा मऊ, क्रोमचा तुकडा नको, त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी घालायला विसरू नका. ती नसेल तर प्रत्येक वेळी सुरी आत-बाहेर होताना टाके कापत जाते आणि एक दिवस धार मांडीशी बाहेर येते. आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याचे दुहेरी टाके घाला. टोकाला पाणी निथळायला एक भोक ठेवा. हे शिकायचं तर गावातल्या चांभारकाकांच्या शेजारी तासभर बसा. त्यांची रापी पाहिली की धार म्हणजे काय तेही कळेल. चामडं ओलं करून, सुरीला प्लॅस्टिक गुंडाळून ती आत दाबून ठेवली की म्यान तिच्या अंगाचं होतं. सुरी मात्र महिनोन् महिने म्यानात ठेवू नये, चामड्यातला दमटपणा तिला खातो. घरी तेलाचं बोट फिरवून ती बाहेरच ठेवावी. म्यान प्रवासासाठी.

एवढं करूनही लागलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि जखम धुऊन दवाखाना गाठा. हळद, तंबाखू, चुना भरत बसू नका. धनुर्वात गंजामुळे होतो हा समज आहे. त्याचे जंतू माती-शेणात असतात, म्हणून नव्या कोऱ्या कोयत्याच्या जखमेलाही इंजेक्शन लागतं.

आणि तालुक्याला किंवा पुण्याकडे जाताना कोयता झाकून, बांधून, शेताच्या सामानातच न्या. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र ठरवणाऱ्या नियमातून शेतीची अवजारं वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तर चौकात उघडा कोयता घेऊन उभं राहिलेल्याला आधी पोलीस ठाण्यात बसावं लागतं, शेतीचं अवजार होतं हे तिथं सांगावं लागतं.