महाड-पोलादपूरचा पूर : अनेक कारणांचा एकत्रित विचार

महाड शहरातून समुद्र दिसत नाही. सावित्री नदी बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते आणि ते मुख महाडपासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. तथापि एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते माल घेऊन थेट महाडपर्यंत येत असत. ज्या भरतीने या गावास बंदराचे वैभव दिले, ती आजही पावसाळ्यातील पुराच्या हिशेबात धरावी लागते. हा हिशेब केवळ पर्जन्यमापकावरून पुरा होत नाही, हे अलीकडील संशोधनाचे सार महाड व पोलादपूर या तालुक्यांना विशेष लागू पडते.

वरून येणारे पाणी

सावित्रीचा उगम महाबळेश्वर येथे, सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. कड्यावरून उतरलेली ही नदी पोलादपूर तालुक्यातून थोड्याच अंतरात महाडच्या सखल भागात येते. तेथे उतार संपतो, प्रवाह मंदावतो आणि बरोबर आणलेला गाळ पात्रात बसतो. बिरवाडीकडून येणारी काळ आणि रायगडच्या बाजूने येणारी गांधारी या नद्यांचे पाणीही याच परिसरात सावित्रीस मिळते. म्हणजे महाडचा पूर हा पुष्कळदा महाडच्या पावसाचा नसून घाटमाथ्यावरील पावसाचा असतो. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच सुमारास महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती.

खालून अडविणारे पाणी

नदी वाहते ती पाण्याच्या पातळीतील फरकामुळे. भरतीच्या वेळी खाडीची पातळी चढली की हा फरक कमी होतो आणि नदीचे पाणी पाठीमागे फुगते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, हा अडसर अधिक असतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, कमी असतो. पात्रातील गाळ, बेटे, अरुंद पूल व मातीचे भराव यांनी पाण्याची वाट आणखी आवळली जाते. यामुळे तेवढ्याच पावसाने एका दिवशी पाणी घाटाच्या पायरीशी थांबते, तर दुसऱ्या दिवशी घरात शिरते.

संशोधनाचा निष्कर्ष

हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २०१२ च्या विशेष अहवालात अशा संयुक्त आपत्तींचा स्वतंत्र विचार केला. त्यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, एकत्र येणारा प्रत्येक घटक स्वतः असामान्य असलाच पाहिजे असे नाही. साधारण घटकांच्या संयोगातूनही असामान्य आपत्ती उद्‌भवू शकते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यासंबंधी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुसळधार पाऊस आणि वाऱ्याने चढलेला समुद्र एकाच वेळी येण्याचे प्रसंग अनेक मोठ्या शहरांत शतकभरात वाढल्याचे आढळले.

यातील गणित शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे आहे. दोन घटना प्रत्येकी दहा दिवसांतून एकदा घडत असतील आणि त्यांचा परस्परांशी संबंध नसेल, तर त्या एकाच दिवशी येण्याचा संभव शंभरात एक असतो. परंतु एकच वादळी हवामान डोंगरावर पाऊस पाडीत असेल आणि समुद्राचे पाणीही किनाऱ्याकडे लोटीत असेल, तर हा संभव वाढतो. चंद्रामुळे येणारी भरती मात्र पावसाची वाट पाहत नाही. तिची वेळ आधीच ठाऊक असते, हीच आपली सोय होय.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला. त्या शहरासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पूर-सूचना प्रणालीत पाऊस, नद्या व भरती यांचा एकत्र विचार केला जातो.

तीन प्रसंगांची साक्ष

जुलै २००५ च्या महापुराच्या वेळी पौर्णिमा होऊन सुमारे पाच दिवस लोटले होते, उधाण ओसरू लागले होते; तरीही महाड बुडाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, ती आषाढी अमावास्या होती. तथापि पूल भरतीने पडला असे यावरून म्हणता येणार नाही. २२ जुलै २०२१ चा पूर पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा. तात्पर्य, सर्व दोष एकट्या पावसावर, एकट्या गाळावर किंवा एकट्या भरतीवर टाकता येत नाही.

२०२१ च्या प्रसंगाचा आणखी एक धडा आहे. २२ जुलै रोजीच तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. ज्या पावसाने डोंगर सुटले, त्यानेच खालचे रस्ते पाण्याखाली नेले, आणि मदत पोचण्यास विलंब झाला. यास्तव डोंगरवाडीचे स्थलांतर खालच्या रस्त्यावर पाणी येण्यापूर्वीच झाले पाहिजे.

ग्रामपंचायतीने काय करावे

किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्दशीस चौदाची पाऊणपट साडेदहा. अर्थात सकाळी व रात्री साडेदहाच्या सुमारास किनाऱ्यावर पूर्ण भरती. खाडीत आत ती त्याहून उशिरा पोचते. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकावरून पाहावी.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार नोंदी एकत्र लिहाव्यात : महाबळेश्वर व पोलादपूरचा पाऊस, सावित्रीची पातळी, भरतीची वेळ, आणि मागील तीन दिवसांचा एकूण पाऊस. शेवटची नोंद डोंगर किती भिजला आहे याची कल्पना देते. चारांपैकी दोन नोंदी चढत्या असतील, तर तिसरीची वाट न पाहता तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा आणि वृद्ध, आजारी व लहान मुले यांना प्रथम हलवावे. हे काम दिवसाउजेडी, रस्ता कोरडा असतानाच करावयाचे आहे.