पातीचा कांदा दरवर्षी पुन्हा का येत नाही?

प्रश्न : बाजारातून आणलेल्या कांद्याच्या पातीचे मुळांसकट बुंधे मी गॅलरीतल्या कुंडीत लावते. दोन-तीनदा छान पात मिळते, मग ती दोऱ्यासारखी बारीक होऊन रोप मरतं. कॅनडात माझ्या नणंदेच्या अंगणात मात्र पातीचा कांदा एकदाच लावलेला आहे आणि थंडी सरली की तो दरवर्षी आपोआप फुटतो. खोट आमच्या हवेत आहे की माझ्या हातात?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : दोन्हींत नाही. तुमचा कांदा आणि नणंदबाईंचा कांदा या मुळातच दोन वेगळ्या जाती आहेत.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या बाजारात जुडीने मिळणारी पात बहुधा आपल्या नेहमीच्या कांद्याचीच असते, फक्त गड्डा भरण्याआधी उपटलेली. शास्त्रात त्याला ॲलियम सेपा म्हणतात. याचं आयुष्य दोन हंगामांचं. पहिल्यात तो गड्ड्यात अन्न साठवतो, दुसऱ्यात तेच खर्चून फुलाचा दांडा काढतो. शेतकरी याला डेंगळे येणं म्हणतात. बी धरलं की रोप संपतं.

आता तुमच्या कुंडीत काय घडतं ते पाहा. रोपाचं अन्न पातीत तयार होतं आणि आपण पातच कापून नेतो. नवी पात फुटते ती बुंध्यातल्या शिल्लक साठ्यावर. कोवळ्या कांद्यात तो साठा थोडाच, म्हणून प्रत्येक कापणीला पात बारीक होत जाते. ग्लासभर पाण्यात मुळं बुडवून ठेवली की पात कायम मिळत राहते, हा समजही इथेच खोटा ठरतो. पाण्यात तर मातीतून मिळणारं पोषणही नसतं.

दुसरं कारण दिवसाच्या लांबीचं. आपल्याकडच्या कांद्याच्या वाणांना गड्डा धरायला साधारण ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो आणि ठाण्याचा सर्वांत लहान दिवसच जवळजवळ ११ तासांचा असतो. थंडी ओसरली, ऊन तापलं, की रोप पात वाढवणं सोडून गड्ड्याकडे वळतं आणि माना टाकतं. ती त्याची रीतच आहे, तुमची हयगय नव्हे.

नणंदबाईंचा कांदा बहुधा ॲलियम फिस्टुलोसम असावा. चीन-जपानच्या स्वयंपाकात हाच लागतो. तो गोल गड्डा धरत नाही. बुडाशी नवे फुटवे काढत त्याचं बेट होतं. बर्फात पात जळाली तरी बूड जिवंत राहतं. ओळखायचं कसं? पात आडवी कापा. फिस्टुलोसमची नळी चहूबाजूंनी गोल असते, आपल्या कांद्याची एका अंगाने जराशी चपटी.

तो इथे लावता येईल का? जरूर लावा. इंडोनेशियासारख्या उष्ण, दमट देशातही तो पिकतो. बियाण्याच्या पाकिटावर ‘फिस्टुलोसम’ लिहिलंय ना, तेवढं पाहा. नुसतं ‘स्प्रिंग ओनियन’ म्हणजे आपला साधा कांदाही असू शकतो. बी ताजंच घ्या, कारण कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरात, दमट हवेत त्याहूनही लवकर, घटते. परदेशाहून मात्र बी किंवा रोप सामानातून मागवू नका. त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि नवी कीड देशात येऊ नये म्हणून हा नियम योग्यच आहे.

पेरणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर करा. आपल्या भागात कांद्याचा खरा वैरी पावसाळा. चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाणी तुंबलं की बूड कुजतं. म्हणून मातीत शेणखताबरोबर वाळू मिसळा, कुंडीची भोकं मोकळी ठेवा आणि जूनपासून ती छज्ज्याखाली सरकवा. चार-पाच तास ऊन हवंच. बेट दाट झालं की उपटून फुटवे सुटे करा आणि नव्याने लावा. इथल्या उबदार हवेत त्याला फुलं क्वचितच येतात, म्हणून वाढवायचं ते असंच.

एवढा खटाटोप नको असेल तर सांबार कांदे लावा. एका कांद्याचे चार-सहा होतात. पात सुकल्यावर ते काढून वाळवा, निम्मे खा आणि निम्मे पुढच्या हंगामाला ठेवा. टोपलीत कोंब फुटलेला कांदाही फेकू नका, कुंडीत खोचा. महिनाभर तरी पात देईल.

कापताना बुडापासून दोन बोटं सोडा, कारण नवी पात फुटण्याचा बिंदू बुंध्यात अगदी खाली असतो. भाजीत पांढरा भाग आधी फोडणीत परता, हिरवी पात मागाहून घाला. तिचा वास उडून जाणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांचा असतो, जास्त शिजवली की तो जातो. आणि पात घातल्यावर सुटलेलं पाणी आटवत बसण्यापेक्षा त्यातच बेसन पेरा, झाकण ठेवून एक वाफ काढा.