जुनी पिकअप गाडी: तिचे नेहमींचे दोष व दुरुस्तीचा खर्च

कांदा, टोमॅटो, द्राक्षें, भाजीपाला असा नाशवंत माल पिकविणारा बागाइतदार दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडीवर फार दिवस विसंबून राहूं शकत नाहीं. नवी गाडी घेण्याइतकें भांडवल सर्वांजवळ नसतें. म्हणून पांच-सात वर्षें चाललेली पिकअप घ्यावी, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. विचार चुकीचा नाहीं. मात्र बैल घेतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, औताला जुंपून पाहतों. आणि गाडीच्या बाबतींत नवा रंग व नवीं आसनें पाहून विसार देऊन मोकळे होतों, हें शहाणपणाचें नव्हे.

आपल्याकडे या वर्गांत बोलेरो पिकअप, टाटा 207, टाटा योद्धा या गाड्या विशेष आढळतात. नांवें निराळीं असलीं तरी घडण एकाच धर्तीची: पुढें डिझेल इंजिन, गति मागच्या चाकांस, आणि मागच्या आंसावर भार पेलणारे कमानपाटे. त्यामुळें दोषही बहुधा सारखेच असतात, आणि त्यांचें मूळ बहुतेक एकाच संवयींत सांपडतें. ती म्हणजे क्षमतेपेक्षां अधिक माल लादणें. कागदावर 15 क्विंटलांची गाडी हंगामांत 25 क्विंटल वाहते, हें बाजार समितीच्या दाराशीं घटकाभर उभें राहिल्यास कोणासही दिसेल.

म्हणून परीक्षा मागून व खालून सुरू करावी. प्रथम पाटे मोजावे. मूळ घडणीपेक्षां एखाददुसरा पाटा अधिक घातलेला असेल, तर विकणारा तें भूषण म्हणून सांगतो. वस्तुतः ती गाडीच्या जाचाची साक्ष आहे. पाटा वाढविल्यानें पाटे तुटत नाहींत इतकेंच. तो भार चासी, आंस, चाकांचे बेअरिंग व ब्रेक यांवर जातो, आणि हे भाग मात्र कोणी वाढवीत नाहीं. पाटा बदलणें हें हलकें काम आहे. चासीला तडा गेला असेल तर ती गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पाट्यांचे आधार जेथें चासीला जोडलेले असतात तेथें वेल्डिंगच्या खुणा किंवा एवढ्याच जागीं लावलेला ताजा काळा रंग दिसल्यास संशय घ्यावा. हौद्याची खालची बाजूही विसरूं नये. ज्या गाडींतून खतें वाहिलीं, त्यांतही म्युरेट ऑफ पोटॅश, तिच्या पत्र्यास व आडव्या पट्ट्यांस गंज लौकर धरतो. कोंकणपट्टींतील गाडीस खाऱ्या हवेची भर पडते.

इंजिन नेहमीं थंड असतांना सुरू करून पाहावें. आपण जाण्यापूर्वींच तें तापवून ठेविलें असेल, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. काळा धूर बहुधा इंजेक्टर, टर्बो किंवा तुंबलेली हवेची गाळणी यांचा असतो. इंजिन चांगलें तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल व रेडिएटरचें पाणी वरचेवर घटत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संभव असतो. तेलाची पट्टी काढून पाहिल्यास दुधाळ रंग त्याची खात्री पटवितो. इंजिन चालू असतां तेल ओतण्याचें झांकण उघडावें. तेथून जोरानें धूर फेंकला जात असेल, तर पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजले आहेत आणि इंजिन उतरवून बांधण्याची वेळ जवळ आली आहे, असें समजावें.

क्लचची परीक्षा सोपी आहे. सपाट जागीं हातब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लागलीच बंद पडलें तर क्लच ठीक. चालूच राहिलें तर प्लेट घसरते आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्लेटीपेक्षां गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी जड वाटते. म्हणून तो एकदां खालीं आला कीं प्लेटीबरोबर प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंगही पाहून बदलून घ्यावें. पुढून मागें गिअर टाकतांना खट्ट असा आवाज येणें हें बहुधा शाफ्टच्या क्रॉसचें दुखणें, तें किरकोळ आहे. मागच्या आंसांतून वेगाबरोबर चढणारा हुंकार मात्र क्राऊन-पिनियनचा असूं शकतो, व तो खर्च मोठा. टायरवरील चार आंकडे वाचावे: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मान लागू झालें. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. शेत ते गांव एवढ्याच अंतरांत सावकाश फिरणाऱ्या गाडींत ती साफ होण्याइतकी तापत नाहीं व तुंबते. अशा गाडींत डॅशबोर्डावरील दिवे लागतात व विझतात कीं नाहीं, हें मुद्दाम पाहावें. दिवाच काढून टाकलेला असूं शकतो.

खर्चाचा अंदाज असा करावा. आपला मिस्त्री बरोबर न्यावा व कामांच्या तीन याद्या करवाव्या: लागलीच करावयाचीं, सहा महिन्यांत येणारीं, आणि दोन वर्षांत येणारीं. तालुक्याच्या दुकानांतून सुट्या भागांचे भाव विचारून पहिल्या दोन याद्यांची बेरीज मागितलेल्या किंमतींतून वजा करावी. त्याखेरीज खोळंब्याचा खर्च धरावा, जो कोणी धरीत नाहीं. समजा, गाडी एक दिवस गॅरेजांत अडकली व तेवढ्यांत भाव क्विंटलमागें 200 रुपयांनीं उतरला, तर 15 क्विंटलांवर 3000 रुपये गेले. इंजिन बांधावयास आठ-दहा दिवस लागले तर काय होईल, तें वाचकांनींच ताडावें. म्हणून इंजिनाचें काम निघणार असेल तर तें हंगामापूर्वींच उरकावें.

कागदपत्रांत हयगय झाल्यास दुरुस्तीपेक्षां जबर खर्च येतो. व्यापारी गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं योग्यतेचा दाखला लागतो. जुनी गाडी घेणाऱ्यानें हा वार्षिक खर्च गृहीत धरावा. गाडीचें मालासह एकूण वजन 3000 किलोंहून अधिक असेल तर परवानाही लागतो. नोंदणी-पुस्तकांत बँकेचा बोजा असेल तर नमुना 35 वर बँकेची सही होऊन तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊं नये. हस्तांतरासाठीं नमुना 29 व 30 भरून परिवहन कार्यालयांत द्यावे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन महिनोन्महिने गाडी चालविण्याची चाल घातक आहे. 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला आहे कीं, गाडी पुढें कितीही हातीं गेली असली तरी अपघाताच्या भरपाईस नोंदणींतील मालकच जबाबदार. आपली जुनी गाडी विकून दुसरी घेणाऱ्या शेतकऱ्यानें म्हणून दोन्ही गाड्यांचीं नांवें एकाच फेरींत बदलून घ्यावीं, आणि विम्याच्या कागदावरील नांवही त्याच आठवड्यांत फिरवून घ्यावें.