गुळवेल, यकृत आणि विनामूल्य संशोधन-भांडार

इ.स. २०२१ च्या पावसाळ्यात ‘गुळवेलीमुळे यकृतास इजा’ अशा आशयाच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. कोरोनाकाळात घरोघरी काढे उकळले जात होते. त्यामुळे रुग्णांनी वैद्याला त्याबद्दल विचारणे स्वाभाविकच होते. माझ्या परिचयातील काही वैद्यांनी ‘हा अपप्रचार आहे’ असे सांगितले, तर काहींनी ‘तूर्त बंद ठेवा’ असे. मूळ शोधनिबंध वाचून उत्तर देणारे मात्र थोडेच भेटले. वस्तुतः तो निबंध कोणासही घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता वाचता येत होता व आजही येतो.

तो ‘पबमेड सेंट्रल’ या भांडारात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने इ.स. २००० मध्ये ते सुरू केले आणि आज त्यात एक कोटीहून अधिक लेख संपूर्ण स्वरूपात आहेत. तेथील शासकीय अनुदानावर झालेले संशोधन या भांडारात जमा करणे एप्रिल २००८ पासून बंधनकारक झाले. त्या वेळी प्रकाशकास बारा महिन्यांपर्यंत लेख राखून ठेवण्याची मुभा होती. जुलै २०२५ पासून तीही राहिली नाही. ‘पबमेड’ आणि ‘पबमेड सेंट्रल’ यांत नेहमी गल्लत होते. पबमेड ही सूची आहे. तेथे बहुधा केवळ सारांश मिळतो. संपूर्ण लेख मिळतो तो सेंट्रलमध्ये. सूचीत शोध घेतल्यावर ‘विनामूल्य पूर्ण लेख’ हा पर्याय निवडला की वाट सोपी होते.

शोध घेताना द्रव्याचे लॅटिन नाव इंग्रजी लिपीत द्यावे. ‘गुळवेल’ देवनागरीत लिहून काही हाती लागणार नाही. गुडूची व गिलोय ही नावेही इंग्रजी लिपीत घालून पाहावीत, कारण प्रत्येक लेखक आपापल्या सवयीचे नाव वापरतो.

आता मूळ निबंधाकडे वळू. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील सहा रुग्णांचे वृत्त त्यात दिले आहे. सहा म्हणजे सहाच. तुलनेसाठी दुसरा गट नाही, त्यामुळे गुळवेल घेणाऱ्या किती जणांना असा त्रास होतो, हे या निबंधावरून सांगता येत नाही. ही गोष्ट मथळ्यांत नव्हती. परंतु मथळ्यांत नसलेली आणखी एक गोष्ट आपल्याला अधिक महत्त्वाची आहे. गुळवेल व्याधिप्रतिकारशक्तीला चेतवते. त्यामुळे शरीराची ही शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा सुप्त विकार काही रुग्णांत उघड झाला असावा, असे अनुमान लेखकांनी मांडले आहे. ‘गुळवेल विषारी आहे’ या विधानाहून हे फार वेगळे आहे आणि चिकित्सेच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे.

आयुष मंत्रालयाने त्यावर घेतलेला आक्षेपही विचारार्ह होता. रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याची तपासणी झालेली नाही. ते टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होते की टिनोस्पोरा क्रिस्पा, असा तो प्रश्न होता. पुढे इ.स. २०२२ मध्ये तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांचे रासायनिक विश्लेषणही केलेले आहे आणि प्रतिकारशक्तीविषयीचे अनुमान तेथेही कायम राहिले आहे. तोही निबंध विनामूल्य उपलब्ध आहे. आरोप, आक्षेप आणि उत्तर अशा क्रमाने हे सर्व वाचले असता चरकाचार्यांनी विमानस्थानात वर्णिलेल्या तद्विद्यसंभाषेची आठवण होते. फरक इतकाच की या संभाषेत आपल्या बाजूने बोलणारे फारसे कोणी नव्हते.

एवढे वाचल्यावर व्यवहारात काय बदलते? गुळवेल टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ती सुरू करण्यापूर्वी पूर्वीची कावीळ, थायरॉइडचा विकार, आमवात किंवा आप्तांतील असे आजार यांची चौकशी करावी. मात्रा व कालमर्यादा लिहून द्यावी. आयुर्वेदीय फार्माकोपियात चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी द्रव्य २० ते ३० ग्रॅम सांगितले आहे. ‘रोज घ्या, चांगले असते’ ही मात्रा नव्हे. दीर्घकाळ द्यायची झाल्यास यकृताची रक्तचाचणी करून घ्यावी. अरुची, अतिथकवा किंवा मूत्राचा गडद पिवळेपणा दिसताच औषध थांबवण्यास रुग्णाला आधीच सांगून ठेवावे. फार्मसीचालकांनी खोड विकत घेताना क्रिस्पाच्या खोडावरील दाट, ठळक गाठी ओळखण्यास शिकावे आणि प्रत्येक बॅचचा थोडा नमुना जपून ठेवावा. उद्या प्रश्न उपस्थित झाला तर तोच पुरावा ठरेल.

भांडारात लेख आहे म्हणून तो खरा, असे मात्र समजू नये. ग्रंथालय लेख साठवते, त्यातील निष्कर्षांची हमी घेत नाही. रुग्णसंख्या, तुलनेचा गट, द्रव्याची ओळख कशी पटवली आणि संशोधनास पैसा कोणी दिला, ही चार स्थळे आधी पाहावीत. आयुर्वेदाची प्रशंसा करणाऱ्या निबंधांनाही हीच कसोटी लावावी. तेथे आपण फार लवकर माना डोलावतो. जामनगरहून निघालेल्या ‘आयु’ या त्रैमासिकाचे अनेक अंक याच भांडारात आहेत. त्यांतील रुग्णवृत्ते पाहिली की आपल्या नोंदवहीतील एखादा रुग्ण कसा लिहावा याचा नमुना मिळतो. औषधाने त्रास झालेला रुग्णही लिहावा आणि आयुष मंत्रालयाच्या औषधसुरक्षा योजनेतील जवळच्या केंद्राकडे त्याची नोंद द्यावी. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, किती दिवस घेतले आणि सोबत कोणती औषधे चालू होती, एवढी माहिती बहुधा आपल्या केसपेपरवर असतेच.