प्रतिपिंडाच्या वाहनावरून किरणोत्सार : वैद्यांनी ध्यानी ठेवावयाची एक चिकित्सा

लिम्फोमाचा एखादा रुग्ण किरणोत्सारी औषध घेतल्यानंतर दोन महिन्यांनी आपल्याकडे येतो. थकवा, हिरड्यांतून रक्त येणे, त्वचेवर निळसर डाग अशी लक्षणे सांगतो. रक्तपित्त मानून तत्काळ चिकित्सा आरंभावी काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रथम त्या औषधाचे कार्य पाहू.

थायरॉईड ग्रंथी आयोडीन स्वभावतःच शोषून घेते. म्हणून तिच्या कर्करोगात आयोडीन-१३१ बव्हंशी इष्ट स्थानी पोहोचते. इतर बहुतेक कर्करोगांत अशी नैसर्गिक ओढ नसल्याने किरणोत्सारी द्रव्यास वाहन लागते. हे वाहन म्हणजे प्रतिपिंड. १९७५ साली कोह्लर व मिल्स्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड विपुल प्रमाणात निर्माण करण्याची पद्धती सिद्ध केली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मधाला आपण योगवाही म्हणतो, त्याचे येथे स्मरण होते. मात्र प्रतिपिंड केवळ वाहून नेत नाही, तो पेशी निवडतो. लिम्फोमातील बी-पेशींवर सीडी-२० हे प्रथिन असते. तेच त्याचे लक्ष्य होय.

आयोडीन प्रतिपिंडातील टायरोसिनला थेट जोडता येते. यट्रियम-९० हा धातू असल्याने त्यास चिमट्याप्रमाणे धरणारा रासायनिक दुवा आवश्यक असतो. हा दुवा सुटल्यास यट्रियम अस्थींत जाऊन बसते. यट्रियमचे अर्धायुष्य सुमारे ६४ तास असून त्याचे बीटा किरण ऊतींत काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. त्यामुळे ज्यांना प्रतिपिंड चिकटलेला नाही अशा शेजारच्या रोगग्रस्त पेशीही नष्ट होतात. या तत्त्वावरील यट्रियमयुक्त इब्रिटुमोमॅबला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. आयोडीनयुक्त टोसिटुमोमॅबला २००३ साली मिळाली. ते २०१४ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले.

या चिकित्सेचा मुख्य धोका अस्थिमज्जेस आहे. प्रतिपिंड काही दिवस रक्तात फिरत राहतो आणि मज्जेलाही किरण लागतात. यट्रियमयुक्त औषधानंतर प्लेटलेट्स व श्वेतपेशींची संख्या साधारणतः सातव्या ते नवव्या आठवड्यात सर्वांत खाली जाते. तोवर रुग्णाने उपचार संपला असे मानलेले असते आणि लक्षणांचा संबंध त्याच्या ध्यानी येत नाही. प्लेटलेट्स एक लाखाहून कमी असल्यास हे औषध दिलेच जात नाही. दिल्यानंतर रक्तगणना पूर्ववत होईपर्यंत दर आठवड्याला तपासणी करावी लागते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : कर्करोगाच्या रुग्णास शेवटच्या औषधाचे नाव व तारीख अवश्य विचारावी. वरील लक्षणे दिसताच त्याच दिवशी रक्तगणना करवावी. ती होईपर्यंत रक्तमोक्षण, बस्ती व तीक्ष्ण शोधन वर्ज्य मानावे. संख्या घटलेली आढळल्यास किंवा ज्वर असल्यास रुग्णास विनाविलंब त्याच्या कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. योग्य वेळी रुग्ण पाठविणे हेही वैद्याचे कर्तव्यच आहे.